किंचितपूरचे पंतप्रधान

मानवजातीच्या इतिहासात आमच्या साडूंइतकी युद्धं कोणी हरलेलं नाही, आणि त्यांच्याइतकं खुशीत तर नक्कीच कोणी हरलेलं नाही. दर मंगळवारी सकाळच्या तासाला त्यांच्या देशाची राजधानी पडायची, खजिना लुटला जायचा, कधीकधी खुद्द पंतप्रधानांना अटक व्हायची. दुपारी हे पंतप्रधान स्कूटरवरून घरी येत, खिचडीवर तूप घालून घेत आणि माझ्या थोरल्या मेव्हणीला सांगत, "आज फार सुरेख हरलो." नाशिकच्या एका कॉलेजात त्यांनी उभा जन्म राज्यशास्त्र शिकवलं. त्यांना सगळे 'सर' म्हणतात. घरात फोन आला तर मेव्हणीसुद्धा "सर अंघोळीला गेलेत" असंच सांगते. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये नोकरी करतो. मतदानाच्या दिवशी सुट्टी असते, यापलीकडे मला राज्यशास्त्रातलं काही कळत नव्हतं. पण साडू निवडता येत नाहीत, ते बायकोबरोबर येतात, आणि माझ्या वाट्याला एक राष्ट्रप्रमुख आले.

आधी सर चारचौघांसारखे खडू-फळ्यावर शिकवायचे. राज्याची चार मूलतत्त्वं त्यांनी इतक्या वेळा फळ्यावर लिहिली होती की हात आपोआप फिरायचा: लोकसंख्या, भूप्रदेश, शासन, सार्वभौमत्व. पुढे पुढे यातलं पहिलं तत्त्वच वर्गातून नाहीसं व्हायला लागलं. मुलं कॅन्टीनला जायची, स्पर्धा परीक्षांच्या क्लासला जायची, नुसतीच गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जाऊन बसायची. मग मोबाइलवरून शिकवायचे ते दिवस आले. सरांनी सार्वभौमत्वाचं अख्खं प्रकरण आवाज बंद ठेवून शिकवलं आणि शेवटी "काही शंका?" असंही बंद आवाजातच विचारलं. कोणालाच शंका नव्हती. त्याचा सरांना मनापासून आनंद झाला, कारण एवढं अवघड प्रकरण पहिल्यांदाच सगळ्यांना एका दमात समजलं होतं. खरा प्रकार कळला तेव्हा ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कुठल्याशा ऑनलाइन कार्यशाळेत त्यांना तो गेम भेटला.

गेम परदेशी होता आणि खास शिकवण्यासाठी केलेला. प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक काल्पनिक देश मिळायचा. मोबाइलवरून त्याने तो चालवायचा, कर बसवायचे, धान्य साठवायचं, सैन्य पोसायचं, शेजाऱ्यांशी तह नाहीतर भांडण करायचं. आपल्या एका तासात तिथला एक दिवस उलटायचा. सर या सगळ्या जगाचे चालक होते, तरीही त्यांनी स्वतःसाठी एक देश घेतला. बंदर नाही, खाण नाही, फौज नाही, आणि पिकायचं ते जेमतेम अर्ध्या लोकांना पुरेल इतकं. त्याचं नाव त्यांनी ठेवलं किंचितपूर. "अहो, शिक्षकाने जरा तगडा देश घ्यावा," असं मी म्हटल्यावर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "तगड्याला नुसता नकाशा दिसतो. जग कसं आहे ते दुबळ्याला विचारावं." वाक्य मोठं होतं, पण त्यामुळे किंचितपूरची जनता कायम उपाशी असायची. पोरंही अशी डांबरट की दुसऱ्या कोणाशी लढायच्या आधी हात साफ करायला म्हणून सरांना जिंकून घ्यायची. देश पुढच्या तासाला परत मिळायचा, पण गेला की तोवर सर नियमाप्रमाणे व्यासपीठ सोडायचे आणि शेवटच्या बाकावर निर्वासित म्हणून आश्रय मागायचे. एकदा एकाही देशाने तो दिला नाही. सर उरलेला तास व्हरांड्यात उभे राहिले. तेवढ्यात प्राचार्य तिथून चालले होते. "सर, बाहेर का?" त्यांनी काळजीने विचारलं. "व्हिसा मिळाला नाही," सर म्हणाले. प्राचार्यांनी मान डोलावली आणि चालण्याचा वेग वाढवला.

मला या राजकारणात ओढलं ते विजेने. मी ड्यूटीवर असताना फोन आला, "आमच्या देशात अंधार झालाय हो." मी सवयीने विचारलं, "किती मेगावॅटची तूट आहे?" त्या क्षणापासून मी किंचितपूरचा बिनपगारी ऊर्जामंत्री झालो. मग हे नेहमीचंच झालं. चहाच्या सुट्टीत फोन यायचा आणि मी कोपऱ्यात जाऊन सांगायचो, "सर, दवाखाने सोडून बाकी सगळीकडे आळीपाळीने बंद ठेवा. राजवाड्याची आधी तोडा." आमचे एक ज्येष्ठ सहकारी बरेच दिवस हे ऐकत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच, "काय हो, हे किंचितपूर कुठल्या फीडरवर येतं?"

सरांची अडचण अशी होती की गेम बंद झाला तरी त्यांच्या डोक्यातलं परराष्ट्र खातं बंद व्हायचं नाही. ताटात कारलं दिसलं की ते म्हणायचे, "मी तीव्र शब्दांत निषेध नोंदवतो." मेव्हणी त्याच ठसक्यात म्हणायची, "नोंदवा. आणि निषेधाबरोबर पोळी वाढू का भाकरी?" वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुंड्यांतलं पाणी यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायचं, तर सरांनी उद्देशिका, कलमं आणि परिशिष्ट असलेला जलकरार टाइप करून नेला. काकूंनी तो न वाचता सही केली, वर मूठभर कढीपत्ता दिला आणि कुंड्यांना पाणी घालणं पूर्वीच्याच उत्साहात चालू ठेवलं. भाजीबाजारात तर त्यांच्याबरोबर जाऊच नये. मेथीची जुडी घ्यायची असली तरी आधी परस्परविश्वास वाढावा म्हणून ते सांगितल्या भावाने कोथिंबीर घेत. मग भाजीवाल्या मावशींची भूमिका समजून घेत, तिच्यात त्यांना बरंच तथ्य आढळे, आणि शेवटी मावशींनी मागितल्यापेक्षा जास्त पैसे देऊन घरी येत. "दोन्ही बाजूंचं समाधान झालं," असं वर आम्हाला ऐकवत.

त्यातून त्यांचं आणि मोबाइलचं कधी जमलं नाही. एकाच बोटाने टाइप करायचे, तेही आधी बोट हवेत धरून, नेम साधून. एकदा डास मारताना तळहात स्क्रीनवर पडला आणि किंचितपूरने आपल्या एकुलत्या एका मित्रराष्ट्रावर युद्ध पुकारलं. ते राष्ट्र सिडकोत राहणाऱ्या एका मुलीचं होतं. सर भर उन्हात पेढे घेऊन तिच्या घरी माफी मागायला गेले. तिच्या वडिलांना वाटलं, पोरगी पहिली आली. त्यांनी शेजाऱ्यांना बोलावलं, सरांना हार घातला, आणि सरांच्याने काही खरं सांगवलं नाही.

हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण वर्ग भरला होता हेही खरं. घोटीचा सोमनाथ, घरची भाताची गिरणी, आधी फक्त परीक्षेपुरता उगवायचा. तो आता पहिली बस पकडून यायला लागला. त्याचा देश नदीच्या वरच्या अंगाला, मोठ्या धरणाचा, आणि मिजासही धरणाएवढीच. दुसरी पेठ तालुक्यातली हिरा, घरी नागलीची, म्हणजे नाचणीची शेती. हॉस्टेलला राहायची, हजेरीला 'हजर' न म्हणता नुसता हात वर करायची. तिचा देश डोंगरातला. तिने कधी कोणावर चाल केली नाही, फक्त कोठारं भरत राहिली. एकदा तिघांनी मिळून तिला युद्धात ओढायला बघितलं तेव्हा ती सगळ्या वर्गासमोर उठून उभी राहिली आणि म्हणाली, "नाही. आमच्या लोकांना यायचं नाही." वर्गात तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. त्या दिवशी सर आमच्याकडे आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ ते एकच वाक्य निरनिराळ्या सुरांत म्हणून दाखवत राहिले.

आणि नेमकं त्याच सुमारास प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं की वर्ग भरत असला तरी विषयाला नवे प्रवेश घटत चाललेत, संस्था पुढच्या वर्षीपासून राज्यशास्त्र बंद करायच्या विचारात आहे. सरांना संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात पर्यावरणाचे तास देता येतील. एक शेवटची संधी म्हणून संस्थेची समिती हा गेम पाहायला येईल, तिला पटलं तर बघू. सर मला म्हणाले, "माझं काय हो, मी झाडांवरही बोलेन. पण इथून राज्यशास्त्र गेलं तर हिरासारखीला 'नाही' म्हणायची जागा कुठे मिळणार?" त्या वेळी ते पंतप्रधानांसारखे बोलत नव्हते. ते घाबरलेत हे मला पहिल्यांदाच जाणवलं, आणि समिती येणार त्या दिवसाची मी ऊर्जामंत्री या नात्याने रजा टाकली.

समितीसमोर दाखवायला सरांनी पाणी परिषद ठरवली. वरच्या देशाकडे धरण, खालचे देश तहानलेले. सगळ्यांनी बसून करार करायचा. हा विषय नाशिकच्या पोरांना शिकवावा लागत नाही, घरोघरी चहाबरोबर चालतो. गेमचा नियम एवढाच, की ठरलेल्या वेळेत सगळ्या देशांनी परिषदेचं निमंत्रण स्वीकारून करारावर सही करायची. नाही केली तर बोलणी फिसकटली असं धरून गेम आपणहून युद्ध सुरू करतो. सरांनी आदल्या दिवशी सगळ्या राष्ट्रांना एकच संदेश पाठवला: 'सर्व राष्ट्रांस कळविण्यात येते की.' सभागृहात मोठा पडदा लावला. पुढे समिती बसली, मधोमध अध्यक्ष, धिप्पाड आणि शांत. टेबलावर त्यांच्या सत्काराचं तबक तयार होतं, शाल, श्रीफळ, कुंकू, अक्षता. पडद्यावर एकेक देश हिरवा होत गेला. एकच लाल राहिला, सोमनाथचा. सोमनाथ इस्त्रीचा शर्ट घालून, हाताची घडी घालून पहिल्याच बाकावर बसला होता.

"सोमनाथ, अरे स्वीकारचं बटण दाब," सर हळूच म्हणाले.

"नाय दाबत सर."

"का रे?"

"पाण्याचं बोलणं हाये, सर. येवढं मोठं कार्य, अन् आम्हाला ग्रुपवर मेसेज? आमच्याकडं भावकीत असं बोलावलं तर कुत्रं येत नाय. माणूस दारी यावं लागतं. अक्षदा द्याव्या लागत्या."

"अरे पण तू तर इथे येऊन बसलायस!"

"मी बसलोय. देश नाय आला."

मी पडद्यावर किती वेळ उरलीय ते बघितलं. एवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "मग आम्हाला तरी कुठं दिल्यात अक्षदा?" आणि हिरवे झालेले देश पटापट पुन्हा लाल व्हायला लागले. दुसरा कोणी मास्तर असता तर ओरडला असता. सरांचा चेहरा मात्र उजळला. ते समितीकडे वळून म्हणाले, "बघितलंत? मान्यता! राष्ट्राला मान्यता द्यावी लागते, ही गोष्ट मी इतकी वर्षं पुस्तकातून शिकवतोय आणि या पोराला ती जन्मापासून येते!" असं म्हणून त्यांनी अध्यक्षांसमोरचं तबक उचललं. पहिल्या बाकाकडे निघणार, तर मुली ओरडल्या, "सर, पहिली अक्षत गणपतीला!" गणपतीची तसबीर होती खालच्या मजल्यावर ऑफिसात. सर तबक घेऊन जिना उतरले, मागे निम्मं जग उतरलं, गणपतीला निमंत्रण देऊन सगळे धापा टाकत परत आले. पडद्यावर वेळ उलटी सरकत होती. मी सरांना खुणा करत होतो, पण निमंत्रण देताना घाई करायची नसते हे त्यांच्या अंगात भिनलेलं. प्रत्येक बाकापाशी थांबून, कुंकू लावून, तळहातावर अक्षता ठेवून ते वाकून म्हणत होते, "पाण्याचं कार्य योजलंय. सहमंत्रिमंडळ यायचं." सोमनाथने खिशातला रुमाल काढून डोक्यावर टाकला, उभा राहिला, अक्षता घेतल्या आणि म्हणाला, "आता घरचंच झालं सर. पाण्याचं काय, सोडतो की." खालच्या देशांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. कोणी किती पाणी घ्यायचं, उन्हाळ्यात कोणी कमी घ्यायचं, सगळं बाकावरच्या बाकावर बोलून मिटलं. हिराने ते फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांनी खाली सह्या केल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या परदेशी गेमला अक्षता कळत नव्हत्या. करार फळ्यावर झाला आणि मोबाइलवरचं बटण कोणीच दाबलं नाही. वेळ संपली, पडदा लालभडक झाला, शहरांमागून शहरं धुरात गेली.

"सर," अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, "हे पडद्यावर काय झालं?"

"जग संपलं, साहेब."

"मग ही पोरं टाळ्या का वाजवतायत?"

"करार झाला म्हणून, साहेब."

अध्यक्ष असे हसले की त्यांची खुर्ची कुरकुरली. त्यांचा सत्कार अखेर झाला, पण अक्षता संपल्या होत्या, नुसत्या नारळावर भागवावं लागलं. गेममध्ये संपलेलं जग आदल्या दिवसावर परत नेता येतं. सरांनी ते नेलं आणि आम्ही सगळे फार आनंदात घरी आलो.

समितीने सरांचं तोंडभरून कौतुक केलं. आणि विषय बंद केला. प्रवेश नव्हते, त्यात कोणाचा दोष नव्हता, प्राचार्य स्वतः घरी येऊन अवघडून सांगून गेले. सरांनी त्यांना आग्रहाने पोहे खायला घातले. मेव्हणी म्हणाली, त्या रात्री कारल्याची भाजी होती आणि ती त्यांनी निषेध न नोंदवता खाल्ली.

परीक्षा संपल्यावर मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी सरांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. कॉलेजने गेमसाठी घेतलेली मुदत संपत होती आणि ते जग चालकानेच बंद करायचं होतं. सरांनी बोट हवेत धरलं होतं, नेम साधत होते, आणि बोट खाली येत नव्हतं. "तुमच्या वीज केंद्रात संच बंद करतात तेव्हा एकदम बटण दाबतात का हो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही सर. आधी लोड उतरवतात. सावकाश." ते त्यांना पटलं. मग आम्ही दोघांनी बसून एकेका देशाचे कर माफ केले, तुरुंग उघडले, फौजा घरी पाठवल्या. पोरांना सांगून ठेवलं होतं, तशी ती एकेक करून येत होती, राम राम करून आपला देश सोडत होती, आणि नकाशावरचा त्या त्या देशाचा दिवा विझत होता. सोमनाथने धरणाचे सगळे दरवाजे उघडून ठेवले आणि लिहिलं, 'येतो सर.' शेवटी पडद्यावर किंचितपूर सोडून एकच दिवा राहिला, हिराचा. बराच वेळ तिच्याकडून काही नाही. "गावी गेलीय, रेंज नसेल," सर म्हणाले, आणि आम्ही थांबलो.

ऊन उतरल्यावर तिचा संदेश आला. 'सर, रेंज नव्हती म्हणून टेकडीवर चढून आलेय. माझ्या कोठारांतलं सगळं धान्य किंचितपूरला पाठवलंय. तुमची माणसं सारखी उपाशी असतात. गेममध्ये नुसतं धान्य लिहिलंय, तुम्ही नागली समजा.' आणि तिचा दिवा विझला. किंचितपूरच्या कोपऱ्यात जिथे कायम धान्याचा लाल आकडा असायचा तिथे हिरवा आकडा वर वर चढत गेला. सरांनी चष्मा काढला. मला त्या माणसाबद्दल त्या वेळी जे वाटलं ते आमच्या नात्यात बोलून दाखवत नाहीत, पण मला ते फार आवडतात.

मी म्हटलं, "सर, आता आपणच उरलो. करू या बंद?"

सर नाकावर चष्मा चढवून पडद्याकडे पाहत राहिले. "आत्ता कसं बंद करता?" ते म्हणाले. "पहिल्यांदाच पंगत बसलीय. जेवू दे त्यांना पोटभर."

मेव्हणीने चहा आणून ठेवला. आम्ही दोघं ती पंगत उठायची वाट पाहत बसलो.